जावातल्या मुलीपर्यंत पंडिता रमाबाई पोचल्या कशा?

मिरजेची_मनीषा

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, चहा घेऊनच बसा.

आमच्या वाचनालयात ८ मार्चला तासभर बोलायचंय. मी डी.एड.च्या मुलींना शिकवते, त्यामुळे ‘स्त्रीशिक्षणाचा विचार जगभर कसा पसरला’ हा विषय आपसूक माझ्या गळ्यात पडला. आराखडा सोपा होता. १७९२ साली लंडनमध्ये मेरी वुलस्टनक्राफ्टचं स्त्रियांच्या हक्कांवरचं पुस्तक, १८६९ मध्ये जॉन स्टुअर्ट मिलचं, मग मिल वाचलेले आपले आगरकर, मग आपल्याकडचे वाद आणि शाळा. धरणातून पाणी सोडलं की पाटाने शेतात येतं, तसं सगळं तिकडून इकडे.

तेवढ्यात कार्तिनीची पत्रं हाती लागली, इंग्रजीतली. जावा बेटावरच्या जेपारा गावची ही मुलगी. बाप तिथला रीजंट, म्हणजे डच सरकारच्या हाताखालचा मोठा देशी अधिकारी. जन्म १८७९ चा. बारा वर्षांची होईपर्यंत डच शाळेत गेली, मग रिवाजाप्रमाणे लग्न ठरेस्तोवर घराच्या आत. तिच्या एका पत्रात अचानक पंडिता रमाबाईंचं नाव! दहा-अकरा वर्षांची असताना तिने वर्तमानपत्रात रमाबाईंविषयी वाचलं होतं. वाचून अंग थरथरलं, असं ती लिहिते. गोऱ्या बाईलाच स्वतःच्या पायावर उभं राहता येतं असं नाही, सावळ्या बाईलाही मोकळं होता येतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

म्हणजे दौंडच्या अलीकडच्या केडगावच्या आपल्या रमाबाई! मी ते पान घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवलं. नवरा म्हणाला, आता भाजी बघ.

तर विचारायचं आहे ते असं. रमाबाई जेपाऱ्यापर्यंत गेल्या कोणत्या वाटेने? कुठलं भाषांतर, कुणी केलेलं? आणि ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’सुद्धा त्याच सुमाराचं, रमाबाईंपेक्षा कितीतरी धारदार. ते का नाही गेलं कुठे? जाणकारांनी सांगा, पण तारखा जरा सांभाळून. श्रोत्यांत एक निवृत्त हेडमास्तर असतात.


डेल्फ्टकर

मनीषाताई, मी नेदरलँड्समध्ये असते. डच कामापुरतं शिकले, मग गोडी लागली. कार्तिनी मी मूळ डचमधून वाचली आहे, म्हणून त्या बाजूचं सांगते.

कार्तिनीने लिहिलं तेच डचमध्ये. १८९९ पासून तिचा स्टेला झेहंडेलार या डच मुलीशी पत्रव्यवहार होता. बायकांच्या एका डच मासिकात ‘पत्रमैत्रीण हवी’ अशी जाहिरात देऊन ही ओळख झाली. बाहेर पाऊल टाकायला बंदी, पण बापाने वाचनपेटी लावलेली. पुस्तकं-मासिकं भरलेली पेटी घरोघर फिरायची, आपल्याकडच्या फिरत्या वाचनालयासारखी. बायकांच्या हक्कांवरची १८९७ ची एक गाजलेली डच कादंबरी तिने अशीच मिळवून वाचली आणि स्टेलाला त्याबद्दल भरभरून लिहिलं.

आता वर्षं जुळवून बघा. ती दहा-अकरा वर्षांची, म्हणजे १८८९-९०. मुंबईत शारदा सदन, म्हणजे रमाबाईंची शाळा, उघडलं ११ मार्च १८८९ ला. त्याच्या आधीची जवळजवळ तीन वर्षं रमाबाई अमेरिकेत गावोगाव भाषणं देत, पैसे जमवत हिंडत होत्या, आणि परतताना जपानलाही उतरल्या होत्या. वर्तमानपत्रांना बातमी हवीच असते, आणि एकटीने समुद्र ओलांडलेली, संस्कृत जाणणारी तरुण हिंदू विधवा ही तर पहिल्या पानाची बातमी. कार्तिनीपर्यंत पुस्तक नाही पोचलं, बातमी पोचली. मला विचाराल तर पुष्कळदा असंच होतं, आधी कीर्ती जाते आणि मजकूर मागाहून रखडत येतो.

पुढचंही सांगून टाकते. कार्तिनी १९०४ मध्ये, बाळंतपणानंतर चार दिवसांनी गेली. वय २५. १९११ मध्ये आबेंदानोन नावाच्या गृहस्थांनी तिची पत्रं छापली. हे तिथल्या सरकारात शिक्षणखात्याचे प्रमुख होते. ‘अंधारातून उजेडाकडे’ अशा अर्थाचं नाव दिलं. त्याच्या जोरावर हेगमध्ये कार्तिनी फंड उभा राहिला आणि १९१३ मध्ये सेमारांगला मुलींची पहिली कार्तिनी शाळा निघाली. पण तिच्याच देशातल्या, डच न येणाऱ्या लोकांना ती वाचायला मिळाली १९२२ मध्ये, मलय भाषेत. इंग्रजी वाचकांना त्याच्या दोन वर्षं आधीच मिळाली होती.


खिळाजुळारी

मी छापखान्यातला माणूस. आधी खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवले, मग मुद्रितं तपासली. पुस्तकातलं पहिलं वाक्य वाचायच्या आधी छापखाना कुठला, किंमत किती आणि प्रस्तावना कुणाची हे बघतो. मनीषाताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच दिसतं.

साल १८८२, गाव पुणे. एकाच वर्षात तीन गोष्टी झाल्या.

पहिली. रमाबाईंचं ‘स्त्रीधर्मनीति’. त्याच वर्षी फेब्रुवारीत नवरा गेला, कडेवर वर्षाची मनोरमा, आणि बाई पुण्याला आल्या. पुस्तक संस्कृताळलेल्या मराठीत, बायकांना उपदेश करणारं. आज वाचताना ठिकठिकाणी खटकतं, बायकांनाच बोल लावलेत. पण ते खपलं आणि त्याच्या पैशावर १८८३ मध्ये बाई विलायतेला गेल्या. पुस्तकाने तिकिटाचे पैसे दिले, स्वतः मात्र बोटीत बसलं नाही. मीरा कोसंबींनी २००० साली रमाबाईंचे निवडक लेख इंग्रजीत आणले, त्यात त्याचे उतारे आले.

दुसरी. हंटर कमिशन. शिक्षणाची चौकशी करायला सरकारने नेमलेलं. त्याच्यापुढे सप्टेंबरात रमाबाईंनी साक्ष दिली, ती मराठीतून. तुम्हाला या विषयावर बोलण्याचा अधिकार काय, असं विचारल्यावर बाईंनी पदवी-बिदवी सांगितली नाही. स्त्रीशिक्षणाची बाजू घेतली म्हणून ज्याला सोसावं लागलं अशा बापाची मी मुलगी, मरेपर्यंत हे काम करणं माझं कर्तव्य, असं सांगितलं. मग मागण्या. मुलींच्या शाळांवर बायकाच शिक्षिका हव्यात आणि त्यांना आधी स्वतःची भाषा नीट यायला हवी. तपासणीलाही बायकाच हव्यात, कारण शिकलेले पुरुषच शंभरातले नव्व्याण्णव स्त्रीशिक्षणाच्या विरोधात असतात आणि जरा चूक दिसली की राईचा पर्वत करतात. आणि बायकांना डॉक्टर करा, कारण पुरुष डॉक्टरला दुखणं सांगायचा संकोच वाटून बायका मरताहेत. हंटरसाहेबांनी या साक्षीचं इंग्रजी करवून घेतलं आणि वेगळं छापलं. पुढे १८८५ मध्ये बायकांच्या औषधोपचारासाठी डफरिन फंड निघाला, त्याचा या साक्षीशी संबंध जोडला जातो. तो किती खरा ते इतिहासवाल्यांनी भांडून ठरवावं. पण पुण्यात मराठीत बोललेलं सरकारी कागदाला चिकटून पार विलायतेपर्यंत गेलं, एवढं खरं.

तिसरी. ताराबाई शिंदे, बुलढाणा. ‘स्त्री-पुरुष तुलना’, श्री शिवाजी छापखाना, ५०० प्रती, किंमत नऊ आणे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बालहत्येबद्दल फाशी सुनावली, वरच्या कोर्टात ती कमी झाली, आणि त्या निमित्ताने वर्तमानपत्रवाले सरसकट बाईजातीवर तोंडसुख घेऊ लागले. त्याला हे उत्तर. सगळे दोष बायकांच्याच माथी का मारता, तेच दोष तुमच्यात नाहीत काय, असं एकेक घेऊन विचारलंय. लोक चिडले. जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये बाईंची बाजू घेतली. मग शांत. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं तेव्हा मराठी वाचकाला ते परत दिसलं. इंग्रजीत पूर्ण भाषांतर १९९४ चं, रोझलिंड ओ’हॅनलन यांचं. ११२ वर्षं गेली.

आता सांगा, धार कुणाची जास्त? ताराबाईंची, वादच नाही. मग गेलं कुठलं? ज्याची पलीकडे कुणीतरी वाट बघत होतं ते. हंटरला अहवाल लिहायचा होता. अमेरिकेतल्या बायकांना शाळेसाठी वर्गणी गोळा करायची होती. रमाबाईंचं १८८७ चं इंग्रजी पुस्तक ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ फिलाडेल्फियाला निघालं. प्रस्तावना तिथल्या बायकांच्या मेडिकल कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांची, म्हणजे आपल्या आनंदीबाई जोशी जिथे शिकल्या त्या कॉलेजच्या. पुस्तक आनंदीबाईंनाच अर्पण केलंय, त्या नुकत्याच गेल्या होत्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बॉस्टनला रमाबाई असोसिएशन निघालं आणि दहा वर्षं शाळेचा खर्च उचलायचं कबूल केलं. पुस्तक १८८७, शाळा १८८९. डेल्फ्टकरांनी सांगितलेलं कार्तिनीचं बघा. पुस्तक १९११, शाळा १९१३. इथेही परक्या भाषेत, परक्याच्या प्रस्तावनेसह, वर्गणीसाठी. छापखान्याच्या नजरेने बघितलं तर दोन्ही पुस्तकं म्हणजे मोठ्या पावतीपुस्तकांच्या जातीची. हे मी कमी लेखून म्हणत नाही, त्या पैशातून मुली शिकल्या.

ताराबाईंना कुणाकडून देणगी नको होती, फक्त जबाब हवा होता. तो मागण्यासाठी पुस्तक परदेशी कोण नेणार?


शंकासूर

काका, लिहिलंय झकास, पण विषय अनुवादाचा चाललाय ना? मग यात अनुवाद कुठाय? रमाबाईंनी थेट इंग्रजीत लिहिलं, कार्तिनीने थेट डचमध्ये लिहिलं, आणि वाचली ती बातमी. एक हंटरची साक्ष सोडली तर भाषांतरकार नावाचा प्राणी मला दिसत नाही.

दुसरं म्हणजे ‘वाट बघणारा’ हा सिद्धांत मराठीपुरता चालेल. वुलस्टनक्राफ्टचं काय? तिचं पुस्तक कुठल्या फंडासाठी भाषांतरित झालं?


खिळाजुळारी

शंकासूर, दोघींनाही राज्यकर्त्यांची भाषा येत होती म्हणून जाताना दुभाष्याची गरज पडली नाही. गरज पडते ती घरी परतताना. कार्तिनी मलयमध्ये ११ वर्षांनी आली. आणि रमाबाईंनी अमेरिकेहून आल्यावर मराठी वाचकांसाठी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ लिहिलं १८८९ मध्ये, त्यात तिथल्या बायकांच्या कॉलेजांची, संस्थांची, चळवळींची सगळी माहिती. ते इंग्रजीत कधी आलं? २००३ मध्ये. ज्या अमेरिकेविषयी लिहिलं तिला ते वाचता यायला ११४ वर्षं लागली. कारण उघड आहे. ‘हिंदू बाईचं दुःख’ अमेरिकेला वाचायचं होतं, ‘हिंदू बाईला अमेरिका कशी दिसली’ हे कुणाला हवं होतं? गोऱ्यांनी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं आणि काळ्या लोकांचं काय केलं तेही बाईंनी त्यात लिहिलंय.

वुलस्टनक्राफ्ट माझ्या आवाक्यातली नाही.


डेल्फ्टकर

ती माझ्याकडे द्या. शंकासूर, फंड नव्हता, पण वाट बघणारा माणूस तिलाही होताच, आणि त्याची गंमत ऐका.

जर्मनीत श्नेपफेंटाल इथे झाल्त्समान नावाचे शिक्षक स्वतःची शाळा चालवत. मुलांसाठी त्यांनी एक नीतिकथांचं पुस्तक लिहिलं होतं. लंडनचा प्रकाशक जोसेफ जॉन्सन, त्याच्यासाठी वुलस्टनक्राफ्ट पोटापाण्याची भाषांतरं करायची. तिने ते पुस्तक १७९०-९१ मध्ये इंग्रजीत आणलं. चित्रं मूळ जर्मन पुस्तकातल्यांवरून, त्यातली बरीच विल्यम ब्लेकने कोरलेली मानतात. पण बाईने सरळ भाषांतर नाही केलं. पात्रं, चालीरीती इंग्रजी केल्या. शिवाय अमेरिकेतल्या ‘इंडियन’ लोकांना मुलांनी भाऊ मानावं म्हणून स्वतःची एक गोष्ट मधेच घातली आणि तसं प्रस्तावनेत सांगूनही टाकलं.

मग १७९२ मध्ये तिचं मोठं पुस्तक आलं. ते अर्पण केलंय फ्रान्सच्या तालेराँ या राजकारण्याला, कारण त्याने १७९१ च्या शिक्षण अहवालात मुलींना घरकामापुरतंच शिकवावं असा सूर लावला होता. फ्रेंच भाषांतर त्याच वर्षी निघालं. जर्मन निघालं १७९३-९४ मध्ये, आणि कुठून? श्नेपफेंटालहून. भाषांतर वाइसनबोर्न यांचं, प्रस्तावना आणि टिपा झाल्त्समान यांच्या. मुलींच्या शिक्षणाचा भाग त्यांना मनापासून पटला. जिथे बाई राजे-सरदारांवर घसरते तिथे मात्र तळटीप येते आणि गुरुजी वाचकाला हळूच बाजूला घेऊन समजावतात. तिने त्यांच्या पुस्तकात आपलं घातलं, त्यांनी तिच्या पुस्तकात आपलं घातलं. फिट्टंफाट.

मला त्या टिपा वाचताना राग येत नाही. त्या नसत्या तर त्या काळच्या जर्मनीत ते पुस्तक शिक्षकांच्या कपाटात गेलं असतं का, शंकाच आहे.


फोंड्याची_शमा

उशिरा येतेय. आजोबांमुळे मला पोर्तुगीज वाचता येतं, आणि या धाग्याला शोभेल असा ब्राझीलचा किस्सा माझ्याकडे आहे.

नीझिया फ्लोरेस्ता, जन्म १८१०, ब्राझीलच्या ईशान्येकडची. १८३२ मध्ये, २२ व्या वर्षी, हिने रेसीफे शहरात एक पुस्तक छापलं. नाव ‘स्त्रियांचे हक्क आणि पुरुषांचा अन्याय’. मुखपृष्ठावर स्पष्ट लिहिलेलं, मूळ लेखिका ‘मिस्ट्रिस गॉडविन’, फ्रेंचवरून स्वैर अनुवाद. मिस्ट्रिस गॉडविन म्हणजे वुलस्टनक्राफ्टच, नवऱ्याच्या आडनावाने. तेव्हापासून दीडशेहून अधिक वर्षं ब्राझीलमध्ये सगळे धरून चालले की नीझियाने वुलस्टनक्राफ्ट पोर्तुगीजमध्ये आणली. मूळ पुस्तकाशी जुळत नाही हे ज्यांच्या लक्षात आलं ते म्हणाले, बघा, किती स्वतंत्र बुद्धीची, विलायती पुस्तक मोडून तिने ब्राझीलचं केलं!

१९९० च्या दशकात मारिया लुसिया पालारेस-बर्क यांनी दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचले. निघालं भलतंच. नीझियाचं पुस्तक वुलस्टनक्राफ्टचं नाहीच. ते १७३९ मध्ये लंडनला ‘सोफिया’ या टोपणनावाने निघालेल्या एका चोपड्याचं भाषांतर आहे, बऱ्यापैकी शब्दशः. एका फ्रेंच माणसाने १८२६ मध्ये पॅरिसला ते मिस्ट्रिस गॉडविनच्या नावावर खपवलं, आणि नीझियाच्या हाती ते आलं. आणि ही सोफिया तरी कुठून आली? तिने बरंचसं उचललंय पुलें द ला बार या फ्रेंच लेखकाच्या १६७३ च्या पुस्तकातून. मनाला लिंग नसतं, मग बायकांना विज्ञान, कायदा, अधिकाराच्या जागा का नकोत, हा त्याचा युक्तिवाद.

म्हणजे फ्रेंच, इंग्रजी, पुन्हा फ्रेंच, मग पोर्तुगीज. पॅरिस ते रेसीफे, १५९ वर्षं, आणि वर चुकीचं नाव.

संशोधकांची धांदल उडाली. मी मात्र नीझियाच्या बाजूची. १८३८ मध्ये तिने रिओमध्ये मुलींची शाळा काढली. तिथे मुलींना शिवणटिपण सोडून लॅटिन, इतिहास, भूगोल शिकवायला लागली. वर्तमानपत्रांनी टर उडवली, बायकोला बोलण्यापेक्षा काम यायला हवं वगैरे. पुस्तक कुणाचं का असेना, शाळा तिचीच होती. आज तिच्या जन्मगावाचं नावच नीझिया फ्लोरेस्ता आहे.

काकांच्या हिशेबात हे कुठे बसतं? इथे प्रस्तावना लिहिणारा बडा माणूस नाही की फंड नाही. वाट बघणारी ती स्वतःच.


शंकासूर

शमा, हे भारी. माझी शंका मागे घेतो. अर्धीच घेतो.


मिरजेची_मनीषा

अहो काय दिलंत तुम्ही लोकांनी! माझा पाट तर मोडलाच. आता असं ठरवलंय की सुरुवात १८८२ च्या पुण्यापासून. नऊ आण्यांचं ताराबाईंचं पुस्तक आणि हंटरपुढची साक्ष, दोन्ही एकाच वर्षातली, इथूनच. मग बॉस्टन, मग जेपारा. वुलस्टनक्राफ्ट आणि गुरुजींच्या तळटिपा मध्ये पाच मिनिटं, कारण समोर निम्मे शिक्षकच असणार आणि त्यांना टिपा घालायची सवय आहे. शमाताई, नीझिया शेवटी ठेवते. वेळ संपत आला की लोक चुळबुळ करतात, तेव्हा रहस्यकथा बरी.

साक्षीचा भाग मुलींकडून वाचून घेणार आहे. तीन जणी. एक शिक्षिकांची मागणी, एक तपासणीची, एक डॉक्टरांची.

खिळाजुळारी काका, केडगावच्या छापखान्याबद्दल काही सांगता येईल का? तेवढं मिळालं तर लोकांना जवळचं वाटेल.


खिळाजुळारी

येईल की, तो माझ्या जिव्हाळ्याचा विषय. मुक्ती मिशनचा, म्हणजे रमाबाईंच्या केडगावच्या संस्थेचा छापखाना मुली आणि बायकाच चालवत. रमाबाईंनी शेवटची कित्येक वर्षं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात घालवली, त्यासाठी त्या भाषा शिकल्या. आधीची भाषांतरं पंडिती वाटायची, खेड्यातल्या बाईला कळेल असं साधं मराठी त्यांना हवं होतं. ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिणाऱ्या बाईने हे करावं यातच त्यांचा चाळीस वर्षांचा प्रवास आला. काम पुरं झालं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. पुस्तक बाहेर आलं १९२४ मध्ये.

तुमच्या मुलींना एवढंच सांगा की त्या बायबलाचे खिळे मुलींनीच जुळवलेत. उलटी अक्षरं, आरशात दिसतात तशी, उजव्या हाताने एकेक उचलून डाव्या हातातल्या पट्टीत लावायची. मराठीत जोडाक्षरांमुळे खिळ्यांचे प्रकार इतके की केसपुढे, म्हणजे खिळे ठेवायच्या घराघरांच्या पेटीपुढे उभं राहून नुसतं घर शोधायला शिकायलाच महिने जातात. हे काम येणाऱ्या बाईला वाचता येत नाही असं होऊच शकत नाही.


डेल्फ्टकर

मनीषाताई, एक सूचना. कार्तिनीचा उतारा १९२० च्या इंग्रजी पुस्तकातून घेणार असाल तर ते संक्षिप्त आहे हे लक्षात ठेवा. मुळात आबेंदानोन यांनीच १९११ मध्ये पत्रं निवडून, कापून छापली होती. शिवाय इंग्रजी प्रकाशकाने मथळ्यात तिला ‘जावाची राजकन्या’ करून टाकलंय, आणि स्टेलाला तर तिने लिहिलं होतं की मला नुसती कार्तिनी म्हण. आबेंदानोन कुटुंबाला लिहिलेली पत्रं न कापता डचमध्ये आली १९८७ मध्ये. इंग्रजीत योस्त कोटे यांनी नव्याने केलेली भाषांतरं आहेत, २०१४ मध्ये तिचं समग्र लेखनही त्यांनी काढलं. विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारून बघा. नाही मिळालं तर मला कळवा, रमाबाईंचा परिच्छेद मी डचवरून थेट मराठीत करून देते. हेडमास्तरांना सांगा, इंग्रजीत न जाता आलाय.